रतनगड ते हरिश्चंद्रगड आणि शेवटी कयाकने जाऊन एक रात्र तंबूत, सॅक भरायची तयारी

डिसेंबर-जानेवारीत रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड करून शेवटी भंडारदऱ्याच्या बॅकवॉटरला कयाकने (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) जाऊन एक रात्र तंबू, असा बेत असेल तर आधी घरातला वजनकाटा काढा आणि प्रत्येक वस्तू तोलूनच सॅकमध्ये टाका. पाणी-खाणं धरून १० किलोच्या आत बसवाच, कारण रतनगडाच्या शिड्यांवर जड सॅक माणसाला मागे ओढते.

सॅक ४५-५० लिटरची पुरे. तंबू दोघांत एकच, कापड एकाकडे नि पोल दुसऱ्याकडे. हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत खऱ्या, पण वीकेंडला भरलेल्या असतात. स्लीपिंग बॅगमध्ये कंजुषी नको, वर थंडी चांगलीच पडते. कपडे मात्र दोनच जोड, एक चालायचा, एक फक्त झोपायचा, आणि झोपायचा जोड दिवसा अजिबात घालायचा नाही, चालायचा ओला असला तरी तोच घालायचा. जीन्स, जाड सुती टीशर्ट घरीच ठेवा, भिजले की वाळतच नाहीत. वर फ्लीसचं उबदार जॅकेट, विंडचीटर, कानटोपी, मोज्यांचे दोन जोड, झालं.

सगळ्यात जड असतं पाणी, १ लिटर म्हणजे १ किलो, तरी गडावरून निघताना ३ लिटर भराच, पुढच्या पाण्याचं गावकऱ्यांना विचारा, क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवा. खाण्याचं ओझं इथे खूप कमी करता येतं, पाचनईत नि गडावर पिठलं-भाकरी मिळते, आधी सांगून ठेवलं की झालं. बाकी सातूचं पीठ, चिक्की, खजूर आणि घरीच फोडणीत परतून मीठ घातलेला रवा, त्यात उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं की उपमा तयार. गॅसचा छोटा कॅन, बर्नर, झाकणाचं एक पातेलं, चमचा. ताटं कशाला, पातेल्यातच खा. हेडटॉर्च, क्रेप बँडेज, ओआरएस आणि रोजच्या गोळ्या यांत काटछाट करू नका, प्लीज.

कयाकचं सामान डोंगरावर वाहायचंच नाही. लाइफ जॅकेट, ड्राय बॅगा (पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्या), कोरडा जोड वगैरे भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात गाडीत ठेवा, पाचनईहून राजूरमार्गे तिकडेच यायचंय. ड्राय बॅग एक मोठी घेण्यापेक्षा ५-१० लिटरच्या तीन-चार घ्या, कयाकच्या सामानाच्या कप्प्यांची तोंडं अरुंद असतात, मोठी बॅग आत जातच नाही. बॅगेचं तोंड किमान तीनदा गुंडाळून क्लिप लावा, घरी बादलीत दाबून बुडबुडे येतात का बघा. स्लीपिंग बॅग दोन पिशव्यांत. पाणी, गॅस, पातेलं असं जड सामान सीटजवळ तळाशी, हलकं पुढे-मागे, डावी-उजवी बाजू सारखी, आणि वरती उंच काही बांधू नका, वाऱ्यात कयाक वळवताना फार त्रास होतो. डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पृष्ठभागावर, पाण्याची बाटली नि विंडचीटर एवढंच, तेही दोरीने बांधून.