वेगवान रेल्वेचा कच्चा आराखडा: आधी वळण, मग वीज

अतिवेगवान रेल्वेमार्गाचा आराखडा कागदावर मांडायला घेतला की बहुतेक जण गाडीच्या निमुळत्या नाकापासून सुरुवात करतात. तो मोह टाळून आधी वेग निश्चित करावा, कारण वळणे आणि वीज या दोन्हींचे हिशेब त्याच एका आकड्यावरून निघतात.

वळणाचा हिशेब सोपा आहे. रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर असेल, तर ताशी किलोमीटरमधील वेगाचा वर्ग करून त्याला ११.८ ने गुणावे आणि मीटरमधील त्रिज्येने भागावे. प्रवाशाला बाजूला ढकलल्यासारखे मुळीच वाटू नये यासाठी बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती मिलिमीटर उंच हवा, हे या उत्तरावरून कळते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या तोकाइदो शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेमार्गाची वळणे २५०० मीटर त्रिज्येची आणि वेग ताशी २१० किलोमीटर होता. उत्तर येते सुमारे २०८. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी योजलेला ३२० चा वेग त्याच वळणावर घातला, तर हा आकडा ४८३ होतो. रूळ इतका तिरका ठेवला, तर वळणावर थांबलेल्या गाडीतील प्रवाशांना बसणेही कठीण होईल. त्रिज्या ६००० मीटर धरल्यास उत्तर पुन्हा २०१ वर येते. गाडी पुढेमागे बदलता येते. भूसंपादन होऊन बांधलेले वळण बदलणे जवळजवळ अशक्य असते.

वीज ठरवताना लक्षात घ्यावे की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग दुप्पट केला की ती आठपट लागते. सरासरी ८ मेगावॉट घेणारी गाडी दोन तास धावली, तर १६ मेगावॉट-तास ऊर्जा खर्च होते. किलोमागे १५० वॉट-तास साठवणाऱ्या बॅटऱ्या घेतल्या, तर त्यांचेच वजन शंभर टनांच्या वर जाते. म्हणून वीज बाहेरूनच घ्यावी, आणि तीही उच्च दाबाने: १० मेगावॉटसाठी २५ हजार व्होल्टला ४०० अँपिअर पुरतात, तर मुंबईच्या लोकल पूर्वी ज्या १५०० व्होल्ट डीसीवर धावत, त्या दाबाला साडेसहा हजारांहून अधिक अँपिअर लागतील.

तारेचा ताण मात्र हमखास विसरला जातो. गाडीच्या छतावरून वरच्या तारेला टेकून वीज घेणाऱ्या पँटोग्राफमुळे तारेत लहरी उठतात आणि गाडी त्या लहरींना गाठू लागली की संपर्क तुटून ठिणग्या उडतात. म्हणून गाडीचा वेग लहरीच्या वेगाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवावा. मीटरमागे १.३५ किलो वजनाच्या तारेला ३० किलोन्यूटन ताण दिल्यास लहर ताशी सुमारे ५३७ किलोमीटरने धावते, म्हणजे गाडीला साधारण ३७५ पर्यंत मुभा मिळते. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा तारेचा ताण वाढवावा लागला होता आणि विजेचा दाबही ३१ हजार व्होल्टपर्यंत नेला होता.

रुळांखाली खडीऐवजी काँक्रीटच्या लाद्या घ्याव्यात. सुरुवातीचा खर्च वाढतो, पण रोज रात्रीची दुरुस्ती कमी होते.

याहून पुढे जायचे असेल, तर वीज आणि मार्ग हे दोन विषय वेगळे उरत नाहीत. जपानच्या चुओ शिनकान्सेन या चुंबकाने अधांतरी तरंगणाऱ्या गाडीच्या मार्गात मोटरचा अर्धा भाग, म्हणजे वेटोळी, मार्गाच्या भिंतींतच बसवलेली असतात आणि गाडी असेल तेवढ्याच टप्प्याला वीज दिली जाते. वळणाचा हिशेब तिथेही चुकत नाही: ताशी ५०५ किलोमीटरसाठी किमान त्रिज्या ८००० मीटर धरली असूनही बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पाव पट येतो.