नाशिकहून पाटणची राणी की वाव पाहायला जाताना

नाशिकहून गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव, म्हणजे पायऱ्यांची भव्य विहीर, पाहायला जाणाऱ्यांनी हिवाळा निवडावा आणि अहमदाबादला मुक्काम करून पाटणसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, कारण तेथून पाटण सुमारे 125 किलोमीटर आहे. आदल्या दिवशी अहमदाबादजवळची अडालजची वाव अवश्य पाहावी. 1499 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या पाच मजली वावेत विहिरीपर्यंत खाली उतरता येते. मजल्यामजल्यावरचे खांब आणि तुळया केवळ शोभेसाठी नसून, दोन्ही बाजूंच्या मातीचा दाब सोसणाऱ्या भिंतींना त्या आडवा आधार देतात, हे तिथे प्रत्यक्ष दिसते. एवढे लक्षात आले की पाटणची रचना समजायला जड जात नाही.

राणी उदयमतीने पती, सोलंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात बांधवलेली राणी की वाव सुमारे 64 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि 27 मीटर खोल आहे. सरस्वती नदीच्या पुराच्या गाळाखाली ती शतकानुशतके गाडली गेली होती, म्हणूनच तिचे कोरीवकाम इतके टिकले, असे मला वाटते. पुरातत्त्व खात्याने 1980 च्या दशकात तो गाळ उपसला आणि 2014 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

प्रवेश पूर्वेकडून आणि विहीर पश्चिमेच्या टोकाला असल्याने सकाळी लवकर पोहोचावे; तेव्हा ऊन थेट पायऱ्यांवरून आत उतरते. उतरताना प्रत्येक टप्प्यावर थांबून आधी विष्णूचे अवतार ओळखावेत, वराह आणि घोड्यावर बसलेला कल्की तर जरूर शोधावेत, आणि मगच अप्सरांकडे वळावे. न्हाऊन केस पिळणारी स्त्री आणि त्या केसांतून गळणारे थेंब टिपायला चोच वर केलेला हंस, हे शिल्प घाईत हमखास सुटते. मूर्तींना हात लावू नये. बोटांच्या तेलकटपणाने वालुकाश्म काळवंडतो. सगळ्यात खालच्या भागात प्रवेश नाही, त्यामुळे विहिरीच्या भिंतीवरचा शेषशायी विष्णू पाहायला छोटी दुर्बीण जवळ असावी. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या असल्याने पकड असलेले बूट घालावेत, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांनी वरच्या मजल्यांवरूनच पाहावे.

दुपारी शहरात सालवी विणकरांचे पटोळ्याचे, म्हणजे नक्षीदार रेशमी साड्यांचे, काम पाहावे, म्हणजे वावेच्या भिंतींवरची चौकटीची नक्षी पुन्हा डोळ्यांसमोर येते. संध्याकाळपर्यंत अहमदाबादला आरामात परतता येते.