जुन्या पोस्टकार्डावरची पॅडल बोट ओळखायची कशी

कार्डावर समुद्रात घुसलेला लांबलचक धक्का असतो, त्यावर टोप्या घातलेली गर्दी असते, आणि दोन्ही कुशींना अर्धगोल पेट्या असलेली एक आगबोट काठाला लागत असते. खाली छापलेलं असतं ‘स्टीमर येताना’. नाव नाही, साल नाही. ब्रिटिश सहलीच्या पॅडल बोटींची, म्हणजे कुशींच्या पेट्यांतल्या मोठ्या चाकांनी पाणी ढकलत चालणाऱ्या आगबोटींची, अशी कार्डं ढिगानं सापडतात आणि बहुतेक विक्रेते त्यावर अंदाजानं काहीतरी ठोकून देतात. नीट पाहिलं तर बऱ्याच कार्डांचा काळ पाच-दहा वर्षांच्या आत आणता येतो. नाव सांगणं त्याहून कठीण असतं, म्हणून ते शेवटी.

बहुतेकांची चूक पहिल्याच पायरीला होते. ते आधी धुरांड्याचा रंग बघतात. रंग सगळ्यात जास्त फसवतो. क्रम असा ठेवा: कार्डाची मागची बाजू, मग बोटीची बांधणी, मग धुरांडं, मग नाव.

आधी दहापट दाखवणारं भिंग घ्या. चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ते छापील कार्ड आहे. ते कितीही मोठं केलं तरी ठिपकेच मोठे होतात, नाळेवरचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचं, नाव काही वाचता येणार नाही. ठिपके नसतील, करडा रंग सलग असेल, तर तो खरा फोटो, आणि त्यात बरंच काही दडलेलं असतं. असं कार्ड १२०० डीपीआयला स्कॅन करा. साडेपाच बाय साडेतीन इंचाच्या कार्डाची ६६०० बाय ४२०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. मोबाइलनं काढलेल्या फोटोत नेमकं नाव आणि पॅडलपेटीवरचं चिन्ह चकाकीत जातं.

मागची बाजू. ब्रिटनमध्ये १९०२ पासून पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची मुभा मिळाली. मधे रेघ नसेल आणि मजकूर चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत कोंबलेला असेल तर छपाई साधारण त्याआधीची. तिकिटाची किंमतही बोलते. कार्डाचा दर ३ जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी होता, मग एक पेनी झाला. जून १९२१ मध्ये दीड पेनी, मे १९२२ मध्ये पुन्हा एक, आणि १ मे १९४० पासून दोन. म्हणजे दीड पेनीचं कार्ड सापडलं तर ते जेमतेम एका वर्षात टाकलेलं.

पण शिक्क्यावरची तारीख ही फक्त वरची मर्यादा असते. छापणारे तीच काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, वर्षानुवर्षं वापरत. १९२४ चा शिक्का असलेल्या कार्डावरची बोट पहिल्या महायुद्धापूर्वीची असणं अगदी नेहमीचं. बोट तारखेपेक्षा जुनी असू शकते, नवी असू शकत नाही.

आता बोट. सगळ्यात आधी ती सहलीचीच आहे ना, हे ठरवा. टग, म्हणजे ओढबोट, आखूड आणि रुंद असते, मागे दोर बांधायचा मोठा हूक आणि मोकळा डेक. काही टग सुट्टीच्या दिवशी माणसंही फिरवत, त्यामुळे नुसती गर्दी बघून निष्कर्ष काढू नका. हंबर नदीवरच्या ‘टॅटरशॉल कॅसल’ किंवा ‘लिंकन कॅसल’सारख्या फेरीबोटींच्या डेकवर मोटारी दिसतात. सहलीची बोट लांब आणि सडपातळ, वरचा डेक बाकांनी भरलेला, आणि पॅडलपेट्या जवळपास लांबीच्या मध्यावर.

पेटीच्या पुढेमागे कुशीतून बाहेर आलेला जो कट्टा दिसतो त्याला स्पॉन्सन म्हणतात. तो चाकाचं रक्षण करतो, धक्क्याला घासतो, आणि डेकला रुंदी देतो. कोकणात आगबोट बाहेर उभी राहायची आणि माणसं होडीनं उतरायची. ब्रिटनच्या किनारी गावांनी त्याऐवजी धक्केच खोल पाण्यापर्यंत नेले. अशा धक्क्यांना दिवसातून बरेचदा लागायचं आणि लगेच सुटायचं तर उथळ तळाची, झटकन थांबणारी आणि जोरात मागे येणारी बोट लागते. पॅडल त्यात पटाईत होतं. दुखणं एकच: गर्दी एका बाजूला धावली की बोट कलते, एक चाक खोल बुडतं, दुसरं पाण्याबाहेर येऊन नुसतंच भिरभिरतं. त्यात सहलीच्या बोटींवर दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की असत. टगसारखं एक चाक पुढे, एक मागे असं करून जागच्या जागी वळता येत नसे. म्हणून कार्डात धक्क्याला लागलेली बोट कललेली दिसली तर ती बुडत नाहीये, सगळे जण उतरायच्या बाजूला जमलेत एवढंच.

काळ ठरवायला ब्रिज कुठे आहे ते पहा, आणि जरा वेळ घेऊन पहा. ब्रिज म्हणजे कप्तान उभा राहतो तो उंच कट्टा. स्कॉटलंडच्या क्लाईड नदीवरच्या जुन्या बोटींत तो दोन पॅडलपेट्यांच्या मधे, धुरांड्याच्या मागे असे. कप्तानाला स्वतःच्याच धुरांड्याआडून बघावं लागायचं. पहिल्या महायुद्धानंतर बहुतेक बोटींवर तो धुरांड्याच्या पुढे हलवला. तेव्हा क्लाईडच्या कार्डात ब्रिज मागे असेल तर साधारण १९१४ पूर्वीचा फोटो. उलट खूण तितकी पक्की नाही, कारण काही ठिकाणी तो आधीपासूनच पुढे होता. ब्रिज काचांनी बंद असेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरची बोट.

पॅडलपेटीवरच्या फटी पंख्यासारख्या पसरलेल्या असतात, मधे चिन्ह, कमानीत नाव. पेटीच दिसत नसेल आणि तरी कुशीजवळ फेस उसळलेला असेल तर गोंधळू नका. १९३४ च्या ‘कॅलेडोनिया’ आणि ‘मर्क्युरी’वर पेट्या मुद्दाम कुशीच्या बांधणीत लपवल्या होत्या, बोट आधुनिक दिसावी म्हणून. चाकं तीच होती.

आता धुरांडं. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल धुरांडं आणि त्यावरचा काळा पट्टा फोटोत एकच काळा ठोकळा होऊन येतात. पिवळंही अपेक्षेपेक्षा गडद येतं. रंगीत कार्ड तर त्याहून बेभरवशाचं, कारण रंग छापखान्यात भरलेले असतात, आणि भरणाऱ्यानं बोट पाहिलेली असेलच असं नाही. म्हणून रंगापेक्षा पट्टे मोजा. काळ्या धुरांड्याच्या मधे पांढरा पट्टा असेल तर तो पट्टा खरा धरा: लाल, पांढरा, काळा, म्हणजे नॉर्थ ब्रिटिश रेल्वे, आणि १९२३ नंतर तिची वारस लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न. अख्खं धुरांडं लख्ख पांढरं असेल आणि मागे इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या ब्रिस्टल चॅनलचा धक्का असेल तर पी. अँड ए. कॅम्पबेलची बोट. हे भाऊ मूळ क्लाईडचे, १८८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिस्टलला गेले.

क्लाईडवर रंग बदलल्याची वर्षं हाताशी ठेवा. १९२३ मध्ये कॅलेडोनियन आणि ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न या दोन रेल्वे एका कंपनीत गेल्या. पहिले दोन हंगाम धुरांडं पिवळं, त्यावर लाल पट्टा, वर काळं टोक. १९२५ पासून लाल पट्टा गेला, नुसतं पिवळं आणि काळं राहिलं. त्यामुळे तीन रंगांत मधला पट्टा पांढरा नसून गडद दिसला तर १९२३–२४, फार तर. १९३६ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या बोटींच्या कुशींचा काळा रंग राखाडी झाला. १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर सगळ्यांना पिवळं-काळं. १९६५ मध्ये धुरांड्यावर लाल सिंह आला.

इथे ‘वेव्हर्ली’चा सापळा. आज चालणारी ‘वेव्हर्ली’ ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिसनं बांधली, २ ऑक्टोबर १९४६ ला पाण्यात उतरली आणि जून १९४७ मध्ये सेवेत आली. तिनं लाल-पांढरा-काळा रंग सुरुवातीला एकच हंगाम मिरवला. १९७४ मध्ये पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटीला ती एका पौंडाला मिळाली, आणि १९७५ पासून तोच जुना रंग परत चढला. म्हणजे त्या रंगातली ‘वेव्हर्ली’ एकतर १९४७ ची, नाहीतर १९७५ नंतरची. डेकवर पांढऱ्या पिंपासारख्या लाइफराफ्टच्या डब्या दिसल्या तर प्रश्न मिटला, ती १९७५ नंतरची.

नावानं तर आणखी फसायला होतं. आत्ताच्या ‘वेव्हर्ली’आधी १८९९ ची एक होती, ती दुसऱ्या महायुद्धात, २९ मे १९४० ला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कला बुडाली. कॅम्पबेलकडे १८८५ ची एक होती. शिवाय १९०७ ची ‘बॅरी’ १९२६ मध्ये ‘वेव्हर्ली’ झाली आणि नंतर ‘स्नेफेल’. नाव वाचता आलं म्हणजे बोट सापडली असं नाही. उलट बदललेली नावं तारखेला उपयोगी पडतात: ‘ड्यूक ऑफ डेव्हनशर’ १९३८ मध्ये ‘कॉन्सल’ झाली, ‘डचेस ऑफ नॉरफोक’ १९३७ मध्ये ‘एम्बसी’, ‘जीनी डीन्स’ थेम्सवर गेल्यावर ‘क्वीन ऑफ द साउथ’.

युद्धात गेलेल्या बोटी दोन्ही बाजूंनी सीमा घालून देतात. थेम्सवरची ‘क्रेस्टेड ईगल’ १९२५ ची, डंकर्कला संपली. तिचं धुरांडं दुर्बिणीसारखं आत सरकायचं, लंडन ब्रिजखालून जाता यावं म्हणून. त्यामुळे एकाच बोटीच्या दोन कार्डांत धुरांड्याची उंची वेगळी दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. ‘ग्रेसी फील्ड्स’चं कार्ड असेल तर फोटो १९३६ ते १९३९ मधला.

कधीकधी कार्ड इंजिनाचं असतं, कारण प्रवाशांना इंजिन बघता येईल अशी मोकळी जागा ठेवायची पद्धत होती. तिथे क्रँक मोजा, म्हणजे पिस्टनची पुढेमागे हालचाल गोल फिरवणारे आसाचे वाकडे भाग. एकच असेल तर बहुधा एका सिलिंडरचं जुनं यंत्र. त्यात पिस्टन नेमका टोकाला थांबला की बोट धक्क्याशी अडकायची, आणि चालताना ती पुढेमागे झटके द्यायची. दोन असतील तर बहुधा कंपाउंड: एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरात. तीन असतील तर ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे तीच वाफ एकामागून एक तीन सिलिंडरांत. ‘वेव्हर्ली’च्या सिलिंडरांचा व्यास २४, ३९ आणि ६२ इंच आहे, तिघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो ते अंतर, ६६ इंच. वाफ फुगत जाते तसा सिलिंडर मोठा होत जातो. क्लाईडवर असं यंत्र पहिल्यांदा १९३१ च्या ‘जीनी डीन्स’मध्ये आलं. क्लाईडच्या पॅडल बोटीत तीन क्रँक दिसले तर त्याआधीची तारीख बाद.

निष्कर्ष कार्डावर लिहिताना पेन वापरू नका. मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात, आणि पुराव्यासकट लिहा: ‘क्लाईड, ब्रिज मागे, अर्ध्या पेनीचं तिकीट, १९०२–१४, नाव नक्की नाही’. विक्रेत्यानं आधी लिहिलेलं नाव चुकीचं वाटलं तरी खोडू नका, शेजारी प्रश्नचिन्ह टाका.