गॉस की टेस्ला? मॅग्नेटिक्समध्ये नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

ठाण्यात एमएस्सी फिजिक्स केलं आणि आता रबाळे एमआयडीसीत मॅग्नेट टेस्टिंगचं काम करते. दरवर्षी नवीन जॉइन होणारी मुलंमुली एकाच ठिकाणी, म्हणजे युनिट्समध्ये अडकतात म्हणून हे लिहितेय. बीएस्सीपर्यंत सगळं एसआयमध्ये झालेलं असतं आणि इथे आलं की गॉसमीटरवर (चुंबकीय फील्ड मोजायचं मीटर) किलोगॉस, सप्लायरच्या डेटाशीटवर मेगागॉस-ओर्स्टेड, व्हीएसएमच्या (सॅम्पलचं मॅग्नेटायझेशन मोजणारं मशीन) ग्राफवर इएमयू पर ग्रॅम, आणि सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मात्र टेस्ला मागतं. एमएस्सीतही हेच, जॅक्सनच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिले दहा चॅप्टर एसआयमध्ये आणि पुढचे गॉसियनमध्ये (सेंटीमीटर-ग्रॅमवाली सिस्टीम), त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर मुलांचा पार गोंधळ होतो.

माझं सांगणं एवढंच की फॉर्म्युल्यातला एकेक कॉन्स्टंट बदलत बसू नका, ऊर्जा काढून बघा. एसआयचा ज्यूल आणि गॉसियनचा अर्ग ही ऊर्जेची दोन्ही युनिट्स मेकॅनिक्समधून आलीत, १ ज्यूल म्हणजे १ कोटी अर्ग, त्यात काही वाद नाही, म्हणजे ऊर्जेपाशी दोन्ही सिस्टीमचा हिशोब जुळलाच पाहिजे.

एकदा हाताने करून बघाच. फील्ड १ टेस्ला घ्या. एसआयमध्ये दर घनमीटरची ऊर्जा बी वर्ग भागिले दोन म्यू नॉट (बी म्हणजे चुंबकीय फील्ड, म्यू नॉट हा एसआयमधला निर्वातासाठीचा कॉन्स्टंट), येतात साधारण ३ लाख ९८ हजार ज्यूल. गॉसियनमध्ये तेच फील्ड १०,००० गॉस, फॉर्म्युला बी वर्ग भागिले आठ पाय, म्हणजे १० कोटी भागिले २५.१३, आले साधारण ३९ लाख ८० हजार अर्ग, पण दर घनसेंटीमीटरला. अर्ग पर सीसीला १० ने भागलं की ज्यूल पर घनमीटर मिळतात आणि उत्तर तेच येतं. हे एकदा स्वतःच्या हाताने जुळलं ना की भीती जाते. एमआरआयचं १.५ टेस्ला फील्ड घेतलंत तर घनमीटरला जवळपास ९ लाख ज्यूल, वीजबिलावरचं पाव युनिट. आणि ज्यूल पर घनमीटर म्हणजेच पास्कल, म्हणून हे फील्ड हवेच्या जवळपास नऊपट दाब देतं, मोठ्या मॅग्नेटची कॉइल बाहेर फाकू नये म्हणून एवढा मजबूत सपोर्ट लागतो तो यामुळेच.

आता खरी अडचण एचची आहे, म्हणजे बीमधून मटेरियलच्या मॅग्नेटायझेशनचा वाटा काढल्यावर उरणाऱ्या फील्डची. बीसाठी १०,००० चा फॅक्टर सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो, पण १ ओर्स्टेड म्हणजे ७९.६ अँपिअर पर मीटर, यात चार पाय लपलेला आहे. गॉसियनमध्ये कूलंबचा नियम साधा ठेवलाय म्हणून चार पाय मॅक्सवेलच्या समीकरणांत येतो, एसआयमध्ये बरोबर उलटं. गॉसमीटरवर युनिटचं बटण दाबत गेलात की गॉस, टेस्ला, अँपिअर पर मीटर असं बदलत जातं, पण मीटरचा हॉल प्रोब (फील्ड ओळखणारी सेन्सरची काडी) मोजतो फक्त बी, तो अँपिअरवाला आकडा हवेतलं फील्ड धरून काढलेला असतो, तो मॅग्नेटच्या आतला एच नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

हिस्टेरिसिस लूपच्या (फील्ड वाढवत-कमी करत काढलेला ग्राफ) एरियातही हेच. एम-एच लूप (एम म्हणजे मॅग्नेटायझेशन) इएमयू पर सीसी आणि ओर्स्टेडमध्ये असेल तर एरिया थेट अर्ग पर सीसीमध्ये मिळतो, पण बी-एच लूप गॉस आणि ओर्स्टेडमध्ये असेल तर चार पायने भागावं लागतं. म्हणूनच १ मेगागॉस-ओर्स्टेड म्हणजे ७.९६ किलोज्यूल पर घनमीटर, आणि एन४२ ग्रेडचा, म्हणजे ४२ मेगागॉस-ओर्स्टेडचा मॅग्नेट साधारण ३३४ किलोज्यूलचा. इंटरव्ह्यूला जाताना हे तरी तयार ठेवा, ग्रेडमधला ४२ कशाचा हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही.

व्हीएसएमवाल्यांना एक दिलासा, १ इएमयू पर ग्रॅम म्हणजे १ अँपिअर-मीटर वर्ग पर किलो, आकडा बदलतच नाही. चेक करायला लोखंड घ्या, सॅच्युरेशन साधारण २१८ इएमयू पर ग्रॅम, त्याला घनता ७.८७ ने गुणा, मग चार पायने गुणा, साधारण २१,५०० गॉस येतात. म्हणजे २.१५ टेस्ला, पुस्तकात दिलेलं असतं तेच.

२०१९ पासून म्यू नॉट ठरवून दिलेला आकडा राहिलेला नाही, मोजावा लागतो, पण फरक नवव्या-दहाव्या दशांश स्थळावर आहे, आपल्या कामाला काही होत नाही. थिअरीकडे जाणाऱ्यांना हेविसाइड-लॉरेंट्झ ही तिसरी सिस्टीम भेटेल, तिथे ऊर्जा नुसती बी वर्ग भागिले दोन. इलेक्ट्रॉनच्या चार्जचा आकडाही बदलतो, पण फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट (त्या चार्जवरून काढलेला, युनिट नसलेला आकडा) सगळीकडे १/१३७ च्या आसपासच यायला हवा, नाही आला तर चार पाय कुठेतरी सुटलाय.

आणि नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत प्रोजेक्ट करायचा विचार असेल तर तिथे सगळं नॅनोटेस्लात चालतं, आपल्याकडचं पृथ्वीचं फील्ड जेमतेम ०.४ गॉसच्या थोडं वर, म्हणजे ४०,००० नॅनोटेस्लाच्या वर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली, एवढं हे मोजमाप नाजूक. जुन्या रेकॉर्डमध्ये गॅमा हे युनिट दिसलं तर गुणाकार-भागाकार काही करू नका, १ गॅमा म्हणजे बरोबर १ नॅनोटेस्ला, आकडा आहे तसाच उतरवून घ्या.