बेरीज करणारं पहिलं वेबपेज कसं बनवावं

दोन आकडे घ्यायचे आणि बटण दाबलं की बेरीज दाखवायची. एवढ्याशा पेजमध्ये एचटीएमएल (पेजचा सांगाडा), सीएसएस (रंगरूप) आणि जावास्क्रिप्ट (बटण दाबल्यावरचं काम) या तिघांनाही काम मिळतं. नवशिक्यांचं घोडं मात्र बहुतेक वेळा कोडपेक्षा फायली एकमेकींना जोडण्यातच अडतं.

एका फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल, स्टाइल डॉट सीएसएस आणि स्क्रिप्ट डॉट जेएस अशा तीन फायली करा. नावं इंग्रजीत, सगळी स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कॅपिटल-स्मॉलचा फरक विंडोज सहसा मनावर घेत नाही, लिनक्स सर्व्हर घेतो. मग आपल्याकडे नीट दिसणारं पेज तिथे बिनरंगाचं उघडतं. नोटपॅड वापरत असाल तर सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझर पेजऐवजी नुसता कोड दाखवतो.

एचटीएमएलची पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे हे एचटीएमएल पेज आहे असं ब्राउझरला सांगणारी. हेडमध्ये (पेजविषयीच्या माहितीच्या भागात) सर्वांत आधी कॅरसेट, म्हणजे अक्षरांची संकेतपद्धत, यूटीएफ-८ लिहा. ते राहिलं तर मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं उमटू शकतात. मग व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी होणार नाहीत. बॉडीमध्ये (पेजवर दिसणाऱ्या भागात) दोन इनपुट (आकडे टाकायच्या चौकटी), एक बटण आणि उत्तरासाठी रिकामा परिच्छेद ठेवा. प्रत्येकाला वेगळा आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, द्या.

सीएसएस लिंक टॅगने जोडा. त्यात 'रेल'समोर 'स्टाइलशीट' लिहायचं विसरलात तर फाइल लागू होत नाही, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) तक्रारही येत नाही. मापांचं गणित एकदा समजून घ्या: रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि २ बॉर्डर (कड) दिली की डिव्ह, म्हणजे पेजवरचा चौकोनी कप्पा, प्रत्यक्षात ३४४ पिक्सेल जागा घेतो. बॉक्स-सायझिंगला 'बॉर्डर-बॉक्स' दिलं की तो ३०० मध्येच बसतो.

आता जावास्क्रिप्ट. हेडमधल्या स्क्रिप्ट टॅगला 'डिफर' लावा. ते नसेल तर स्क्रिप्ट बटण तयार होण्याआधीच चालते, आयडीवरून घटक शोधणाऱ्या गेट-एलिमेंट-बाय-आयडीच्या हाती 'नल' (काहीच नाही) येतं आणि पुढची ओळ कोलमडते. क्लिकसाठी ॲड-इव्हेंट-लिसनर वापरताना फंक्शनचं (बेरजेचं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) फक्त नाव द्या. नावापुढे कंस टाकलेत तर ते पेज उघडताच एकदा चालून मोकळं होतं आणि बटण दाबून काहीच घडत नाही.

फंक्शनमध्ये दोन्ही इनपुटची व्हॅल्यू घेऊन बेरीज करा आणि ती परिच्छेदाच्या टेक्स्ट-कंटेंटमध्ये टाका. २ आणि ३ दिल्यावर उत्तर २३ येईल! इनपुटची व्हॅल्यू नेहमी मजकूर म्हणून मिळते, अगदी टाइप 'नंबर' असला तरी. आणि अधिकचं चिन्ह दोन मजकूर नुसते चिकटवतं. म्हणून दोन्ही व्हॅल्यू आधी 'नंबर' फंक्शनमधून काढा. टाइप 'टेक्स्ट' ठेवून कुणी देवनागरी आकडे टाकले तर 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') मिळेल, कारण हे फंक्शन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं.

बटण फॉर्म टॅगमध्ये असेल तर त्याचा टाइप 'बटन' लिहा. न लिहिल्यास ते सबमिट धरलं जातं, पेज पुन्हा लोड होतं आणि उत्तर दिसता दिसता गायब होतं.

काही अडलं तर एफ१२ दाबून कन्सोल उघडा. पहिली लाल ओळ आधी वाचा, खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक तिथेच उजवीकडे असतो. कन्सोल साफ असूनही रंग बदलत नसतील तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. ब्राउझर साठवलेलं जुनंच सीएसएस दाखवत असण्याची शक्यता असते.