दोन्ही पक्षांचा वीट आलाय आणि युद्ध चालूय, मग मिडटर्मला मत कसं ठरवायचं
अमेरिकेत मतदार असाल आणि दोन्ही पक्षांवरून मन उडालं असेल तरी घरी बसू नका, कारण मिडटर्मला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यात होणाऱ्या निवडणुकीत, काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) दोन सभागृहांपैकी हाऊसच्या सगळ्या 435 आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांसाठी मतदान असतं आणि युद्धाचा पैसा तिथूनच मंजूर होतो.

भाषणं सोडा, रोल कॉल म्हणजे नावानिशी मतांची नोंद बघा. काँग्रेसच्या साइटवर कोणी कुठे मत दिलं ते सगळं असतं. 2002 ला इराक युद्धाची परवानगी सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23 ने पास झाली, त्यात 29 डेमोक्रॅट्सचा होकार होता, म्हणजे नुसत्या पक्षाच्या लेबलवरून काय कळणार? आणि त्याआधी 2001 ला 9/11 च्या हल्ल्यानंतर लष्करी बळ वापरायच्या परवानगीवर हाऊसमध्ये खासदार बार्बरा ली एकट्या विरोधात उभ्या राहिल्या, 420 विरुद्ध 1, ते आठवलं की मला अजून भरून येतं.

खरा जोर प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत लावा, तिथे मतदार कमी येतात त्यामुळे तुमचं मत जास्त वजनदार. काही राज्यांत पक्षाची नोंदणी लागते, तारीख आधीच बघून ठेवा. मेन राज्यात पसंतीक्रम लावता येतो, तिथे तिसऱ्या उमेदवाराला बिनधास्त पहिली पसंती द्या.

आणि उमेदवाराला फोन करून सरळ विचारा, 1973 च्या वॉर पॉवर्स कायद्यातली, काँग्रेसच्या परवानगीशिवाय सैन्य लढाईत ठेवायची 60 दिवसांची मुदत तुम्ही पाळायला लावणार का.