जुन्या आर्ट डेको इमारतीत दुकान थाटताना

मुंबईत मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत 1930 ते 1955 च्या दरम्यान आर्ट डेको धाटणीच्या (गोलसर कोपरे, भौमितिक नक्षी असलेल्या) कितीतरी आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. आता त्यांच्या तळमजल्यावर आणि क्वचित पहिल्या मजल्यावरही दुकानं येतात. येऊ देत, वापरातली इमारतच टिकते. मात्र एक पथ्य पाळा: दुकान इमारतीत उभं करा, इमारतीला टांगू नका. रॅक, खोटं छत, दिवे यांचा भार स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावरून जमिनीवर उतरला पाहिजे, आणि उद्या तो सांगाडा खुणा न ठेवता निघाला पाहिजे.

कागदपत्रं भाडेकरार करण्याआधीच बघा. इमारत वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे महापालिकेकडून लेखी घ्या. ओव्हल–मरीन ड्राइव्हचा समूह 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी ही विचारणा टाळूच नका. जागा पागडीची (आगाऊ रक्कम देऊन घेतलेली जुन्या भाडेपद्धतीची) असेल तर मालकाची संमती हवी, आणि ती राहती जागा असेल तर दुकानासाठी वापरबदलाची परवानगीही हवी. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल) असेल तर मागून वाचा. पण ते इमारतीच्या आजच्या वापरासाठी केलेलं असतं, तुमच्या मालाच्या वजनासाठी नव्हे.

फरक मोठा आहे. भारतीय मानक 875 राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो भार धरतं. किरकोळ दुकानासाठी तो 4, म्हणजे दुप्पट. गोदामाचा त्याहून जास्त. तळमजल्याची जमीन भरावावर असेल तर फारशी चिंता नाही. पहिल्या मजल्यावर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशोबाशिवाय एकही रॅक चढवू नका आणि मालसाठा खालीच ठेवा. स्लॅबला टांगलेला पोटमाळा हा या इमारतींमधला सर्वांत घातक बदल आहे.

या काळातल्या सळ्या गुळगुळीत गोल असतात आणि त्यांच्यावरचं काँक्रीटचं कवच बऱ्याचदा पातळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की काँक्रीटचा अल्कधर्म जातो, सळी गंजते, फुगते आणि प्लास्टर पोपडे धरून सुटतं. तपासायची रीत सोपी आहे. छिन्नीने ताजा काप काढा, धूळ नीट झटका (धुळीमुळे खोटा रंग येतो) आणि फिनॉल्फथॅलिनचं (अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचं) 1 टक्का द्रावण शिंपडा. गुलाबी झालं ते काँक्रीट शाबूत. रंग न चढलेला थर किती मिलिमीटर खोल आहे ते मोजा. तो सळीपर्यंत पोहोचला असेल तर वरवर प्लास्टर मारणं फुकट आहे. अशा वेळी आधी टेकू द्या, सैल काँक्रीट सळीच्या मागे 20 मिलिमीटरपर्यंत फोडा, गंज घासून काढा, झिंकयुक्त प्रायमर लावा आणि पॉलिमर मॉर्टर पातळ थरांत भरा. सळीचा व्यास बराच झिजला असेल तर नवी सळी जोडावी लागते. हे सगळं इंजिनिअरच्या देखरेखीखालीच. बाहेरच्या बाजूचं काम ऑक्टोबर ते मे यातच उरका.

आता फरशी. जागेवर ओतलेलं मोझाइक, त्यातल्या पितळी पट्ट्या आणि कडेचा रंगीत पट्टा ही या इमारतींची खरी श्रीमंती. त्यावर टाइल्स चिकटवल्या की ती कायमची गेली. ॲसिडने कधीच धुऊ नका, संगमरवरी कण विरघळून खड्डे पडतात. सौम्य साबणाचं पाणी वापरा आणि फारच मळकट असेल तरच दगडी चाकाने पाण्यासह हलकं घासून घ्या. काउंटरचे पाय रबरी तळांवर ठेवा, फरशीत खिळे ठोकू नका. जुन्या जिन्याचे कठडे, ग्रिल आणि सागवानी चौकटी काढाव्याच लागल्या तर क्रमांक टाकून, फोटो काढून इमारतीतच जपून ठेवा.

विजेची जुनी कापडी-रबरी वेष्टनाची वायर असेल तर पूर्ण बदला. नवी तांब्याची, अर्थिंगसह, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच. वायरसाठी खांब-बीममध्ये झिरी पाडू नका, आधीच पातळ असलेलं कवच तिथेच जातं. वायरचे पाइप उघडे, छताच्या कडेने नेटके टाकले की ते बरे दिसतात. एसीची बाहेरची युनिट मागच्या बाजूला किंवा डक्टमध्ये बसवा आणि एसीचं पाणी 25 मिलिमीटर पाइपने थेट गटारात सोडा. ते छज्ज्यावर ठिबकत राहिलं तर तिथेच सळी गंजायला सुरुवात होते.

दाराशी जोतं साधारण 450 मिलिमीटर उंच असेल तर 1:12 उताराचा रॅम्प 5.4 मीटर लांब होतो, शिवाय रॅम्पच्या टोकाशी थांबायला सपाट जागाही लागते. फूटपाथ पालिकेचा असतो, त्यामुळे बहुतेक वेळा रॅम्प दुकानाच्या आत घ्यावा लागतो. मापं आराखड्याच्या पहिल्याच दिवशी बसवा, नाहीतर काउंटर हलवायची वेळ येते.

पाटीसाठी मोठा चकचकीत पॅनेल नको. छज्ज्याखालच्या पट्ट्याच्या मापाची धातूची सुटी अक्षरं एका पट्टीवर बसवा आणि ती पट्टी चार-पाच ठिकाणीच अडकवा. समुद्राजवळ स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे गंजून भिंतीवर ओघळ सोडतात. महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीत असावी लागते आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणून आधी देवनागरी अक्षरांचं माप ठरवा, मग बाकीची.